हळदीवरची माती

पेण
७ जानेवारी २०२४, रविवार

अरीबा बेटा,

सलाम आणि दुआ. तुमच्या सहावीच्या वर्गाला ‘घरातला एक जीव पंधरा दिवस बघा’ असा उपक्रम दिलाय आणि तू मुंग्या घेतल्यास, असं तुझ्या अम्मीने फोनवर सांगितलं. बाकीच्यांनी मांजर घेतलं असणार. मांजर दिवसाचे सोळा तास झोपतं, वहीत लिहायला कमी लागतं. तू मुंग्या घेतल्यास म्हणजे माझ्या खालाच्या, म्हणजे तुझ्या नानीच्या, घराण्यात निदान एक डोकं तरी चालतंय. हे वाक्य अम्मीला मोठ्याने वाचून दाखव.

मन्सूरमामू म्हणून तू मला ओळखतेस, पण कामाचा मन्सूर वेगळा. पेणला एसटी स्टँडच्या मागे माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. दहावीला गणितात गेलो, पुन्हा बसलो नाही. मुंग्या मात्र तेवीस वर्षं बघतोय, एकोणतीस वह्या भरल्या, आणि एक अक्षर कुणी शिकवलेलं नाही. मोटारीच्या खाचेत तांब्याच्या तारेचे चौऱ्याऐंशी वेढे म्हणजे चौऱ्याऐंशी. ब्याऐंशी घातले की मोटार तापते आणि गिऱ्हाईक शिव्या घालत परत येतं. मुंग्यांच्या कामात शिव्या घालायला कोणी परत येत नाही, म्हणून तिथे जास्त नीट मोजायचं.

सोबत भिंग पाठवतोय, आणि पिवळ्या जाड कागदाची दोन कडी. मोटारीत तारेखाली घालतात तो हा कागद. मागच्या दारी मुंग्या येतात तिथे लहान कडं ठेव, भोवती मोठं ठेव, मधल्या फटीत हळद भर आणि दोन्ही कडी अलगद उचल. बारा मिलिमीटर रुंद पट्ट्याचं वर्तुळ उमटेल, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. मधोमध हरभऱ्याएवढा गूळ. रोज साडेचार ते साडेसहा, पंखा बंद.

मुंगी हळद ओलांडत नाही. हे मी २००९ साली लिहिलं, पेपरात आलं, कात्रण दुकानात काचेच्या फ्रेममध्ये आहे. तुलाही तेच दिसेल. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्याच्या आत माझी ‘घरातल्या मुंग्या’ पुस्तिका छापून चाळीस शाळांत जाणार आहे. त्यात रोह्याचं निरीक्षण म्हणून तुझं नाव.

मोबाईलवर लिहून पाठवू नकोस. मोबाईलवर पुसलं की डागसुद्धा राहत नाही. पेनने लिही, खोडरबर कपाटात. चुकलं तर वरून एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि पोस्टाने पाठव.

तुझा मामू,
मन्सूर


रोहा, अष्टमी
१९ जानेवारी २०२४

प्रिय मन्सूरमामू,

अस्सलामु अलैकुम. वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. अम्मी म्हणाली, “त्याला विचार, दहावीला किती डोकी चालत होती.” नानी हसली.

आमच्या मागच्या दारी शहाबादी लादीला फट आहे. तिथून लाल मुंग्या येतात. काहींचं डोकं मोठं असतं. नानी मुंग्या मारू देत नाही, त्यांची पण उम्मत, म्हणजे जमात, आहे म्हणते. म्हणून आमच्याकडे मुंग्या मारायचा खडू नसतो, आम्ही पण हळदच टाकतो.

पहिले पाच दिवस तुम्ही म्हणालात तसंच झालं. मुंग्या हळदीपाशी येतात, मिशा हलवतात, वळतात. सगळ्यात जास्त ४३ आल्या, सगळ्यात कमी १७.

सहाव्या दिवशी, १५ तारखेला, वेगळं झालं. ४ वाजून ५२ मिनिटांनी एका मुंगीने मातीचा कण आणून हळदीवर ठेवला आणि ती परत गेली. मग दुसरीने आणला. मग खूप जणी आणायला लागल्या. साडेपाचपर्यंत मी ३८ कण मोजले, नंतर एकावर एक पडले म्हणून मोजता आले नाहीत. ५ वाजून ४१ मिनिटांनी पहिली मुंगी त्या मातीवरून चालत गुळापाशी गेली. साडेसहाला गुळावर ६० च्या वर होत्या.

काल आणि परवा पण असंच झालं.

मामू, हे बरोबर आहे का? म्हणजे, मला बरोबर दिसलंय का?

तुमची,
अरीबा


पेण
२४ जानेवारी २०२४

अरीबा बेटा,

पत्र मिळालं. वेळा लिहिल्यास, छान. अक्षर मात्र घाईचं आहे, चारचा पाच वाटतो.

आता नीट ऐक. तेवीस वर्षांत मला जे दिसलं नाही ते तुला सहाव्या दिवशी दिसलं, तर आधी काय तपासायचं? हळद तपासायची. तुमची हळद पाकिटातली. पाकिटात काय काय असतं ते पाकीटवाल्यालाच ठाऊक. गागोद्याचे महिपती पाटील विहिरीच्या कडेला हळद लावतात, त्यांच्या पंपाची मोटार माझ्याकडे येते. त्यांच्याकडचं हळकुंड आणून मी स्वतः खलबत्त्यात कुटलं, दोनदा चाळलं. पाव किलो पाठवतोय. स्वयंपाकात घालू देऊ नकोस.

दुसरं, तुमचं मागचं दार रस्त्याकडे उघडतं. धूळ येते. कण मुंगीने आणला की वाऱ्याने, हे तू कसं ठरवलंस? दिसलं म्हणू नकोस. तिसऱ्या माणसाला पटेल असं सांग.

मामू


रोहा, अष्टमी
२ फेब्रुवारी २०२४

प्रिय मामू,

हळद पोचली. अम्मीने एक चमचा माशाला लावली, मी सांगितलं होतं तरी. बाकीची सगळी प्रयोगाला.

तुमच्या हळदीने सहा दिवस केलं. तीन दिवस ओलांडली नाही, तीन दिवस ओलांडली. लवकरात लवकर ४४ मिनिटं, उशिरात उशिरा १ तास ३६ मिनिटं.

तिसऱ्या माणसाला कसं पटेल याचा मी दोन दिवस विचार केला. मग नानीच्या चुलीची जुनी वीट फोडून बारीक भुकटी केली आणि ती फक्त लादीच्या फटीपाशी ठेवली. म्हणजे मुंग्यांना कण उचलायचा तर लाल कण मिळेल. दार बंद केलं. ओलांडली त्या तीनही दिवशी हळदीवर लाल कण होते, आणि एकाच जागी, रांगेत. वाऱ्याने आले असते तर सगळीकडे पडले असते ना?

परवा अनिता मॅडमनी अर्धा वर्ग आमच्या घरी आणला. चौदा जण. हफ्सा ओरडली, “अगो बघ बघ, रस्ता बांधतायत!” मॅडम पण गुडघ्यावर बसल्या. त्या म्हणाल्या, ही वही अलिबागला जिल्ह्याच्या मेळाव्यात पाठवू. रोह्यातून एकच वही जाते. विज्ञान दिनाला पाहुणे येतील ते ठरवतील.

मामू, अलिबागला गेलेल्या मुलांना तिथे मोठ्या सूक्ष्मदर्शकातून बघायला मिळतं. मला मुंगीच्या मिशा बघायच्यात.

तुमची,
अरीबा


पेण
५ फेब्रुवारी २०२४

अरीबा,

विटेची भुकटी. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शाबास.

पण वर्गातली चौदा पोरं म्हणजे साक्षीदार नव्हेत, ती ओरडणारी पोरं. मी रविवारी, ११ तारखेला, सकाळच्या गाडीने येतो. स्वतः बघतो. अम्मीला सांग, जेवणाचा घाट घालू नको.

मामू


पेण
१३ फेब्रुवारी २०२४

हाजरा आणि अरीबा,

सुखरूप पोचलो. गाडी नागोठण्याला पाऊण तास उभी होती, नेहमीचंच. जेवणाचा घाट घालू नको म्हटलं होतं तरी तांदळाच्या भाकरी, सुकटीचं कालवण, वर सांदण. खालाची तब्येत बरी वाटली. तिच्या चष्म्याची दांडी सैल आहे, पुढच्या वेळी बारीक पेचकस घेऊन येईन. तुमच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज मला आवडला नाही. बेअरिंग गेलंय.

इकडे छापखान्याची घाई आहे. शिवाने, म्हणजे छापखानेवाल्याने, शुक्रवारपर्यंत मजकूर मागितलाय. बत्तीस पानं, मुखपृष्ठ दोन रंगांत.

सगळ्यांना सलाम.

मन्सूर


रोहा, अष्टमी
१७ फेब्रुवारी २०२४

प्रिय मामू,

तुम्ही दोघींना मिळून पत्र लिहिलंत म्हणून मी पण दोघींकडून लिहिते. बेअरिंग बदललं.

पुस्तिकेत आपण रविवारी बघितलं ते येणार ना? मी मॅडमना सांगितलं की येणार.

अरीबा


रोहा, अष्टमी
१ मार्च २०२४

मन्सूरमामू,

पुस्तिका २७ तारखेला शाळेत आली. मॅडमनी माझ्या हातात दिली, म्हणाल्या, तुझं पान तू काढ. पान एकोणीस. त्यात लिहिलंय:

“रोहा येथील कु. अरीबा (इयत्ता सहावी) हिने चौदा दिवस काटेकोर निरीक्षण केले. मुंग्यांनी हळदीचे वर्तुळ एकदाही ओलांडले नाही.”

माझं नाव जाड अक्षरात आहे.

मला वाटलं दुसरी कोणी अरीबा असेल. मग वाटलं पुढच्या पानावर बाकीचं असेल. पुढच्या पानावर झुरळ आहे.

२८ ला पाहुणे आले. मी माझी वही वाचली. वाचून झाल्यावर पाहुण्यांनी पुस्तिका उघडली आणि विचारलं, “बाळ, इथे तर तूच म्हणतेस की ओलांडली नाही. खरं काय? वही की पुस्तक?” मी म्हटलं वही. ते हसले. म्हणाले, “अगं, हे छापलेलं आहे.” मी वर्गाकडे बघितलं. ते चौदा जण खाली बघत होते. फक्त हफ्सा म्हणाली, “सर, मी बघितलंय.” पाहुणे म्हणाले, “मैत्रीण दिसते.” सगळे हसले. मॅडम सांगायला गेल्या तर त्यांना म्हणाले, वेळ कमी आहे.

अलिबागला मांजराची वही गेली.

मामू, माझ्या वहीत ११ फेब्रुवारीचं पान आहे. मी ते तुम्हाला उतरवून पाठवते:

“सुरुवात ३.०५. मन्सूरमामू हजर. हळद गागोद्याची, मामूंनी स्वतः भरली. दार बंद. पहिला कण ३.१९. पहिली मुंगी पार ३.३६, म्हणजे ३१ मिनिटं. मामू भिंगातून बघत होते. मामू ‘हं’ म्हणाले. ४.१० ला मामूंनी चहा मागितला. ४.४० ला निघाले.”

आत्तापर्यंतचं सगळ्यात लवकर त्या दिवशी झालं. मला वाटलं मुंग्या पण तुमच्यासाठी करतायत.

तुम्ही बघितलंत. तुम्हाला दिसलं. मग तुम्ही माझं नाव घालून खोटं का लिहिलंत?

अरीबा


पेण
६ मार्च २०२४

अरीबा,

तुझं पत्र मिळालं. भाषा जरा सांभाळावी. ‘खोटं’ हा शब्द मामूला लिहायचा नसतो.

आता समजावून सांगतो. शास्त्रात प्रत्येक दिसलेली गोष्ट छापत नाहीत. एखाद्या जागी एखादी गोष्ट विचित्र घडते, तिला अपवाद म्हणतात आणि ती बाजूला ठेवतात. पेण, जोहे, गडब, वडखळ, कितीतरी घरांत मी हळद टाकून बघितली. तुझी एक लादी. तुझी एक फट. एका फटीसाठी तेवीस वर्षं फिरवायची का?

शिवाय पुस्तिका लहान मुलांसाठी आहे. ‘कधी ओलांडते, कधी नाही’ असं लिहिलं की मुलं गोंधळतात. तुझं नाव जाड छापलं, ते कुणासाठी? चाळीस शाळांत गेलं. त्याचं काही नाही.

पाहुण्यांनी तुला विचारलं तेव्हा ‘दोन्ही बरोबर आहे’ असं शांतपणे म्हणता आलं असतं.

मामू


रोहा
११ मार्च २०२४

मन्सूर,

उद्यापासून रमजान, तोंडात कडू शब्द घेऊन रोजा धरायचा नाय म्हणून आजच लिहिते.

तुझं पत्र पोरीने मला दिलं नाय. उशीखाली मिळालं. ‘दोन्ही बरोबर आहे’ म्हणायचं व्हतं, व्हय रे? अकरा वर्षांच्या पोरीने पाहुण्यासमोर उभं राहून तुझी इज्जत झाकायची?

एका फटीसाठी तेवीस वर्षं फिरवायची का विचारतोस. ती कितीतरी घरं म्हणतोस ना, तिथे दोन तास बसलास कुठे? मला ठाऊक हाय तू कसा बघतोस. जोह्याला आपल्या नात्यातल्या जमीलाकडे आलास तेव्हा हळद टाकलीस, पाच मिनिटं बघितलंस, मुंग्या वळल्या तसा “बघा!” म्हणालास आणि जेवायला बसलास. मी तिथेच व्हते. दोन तास बसायला तूच पोरीला शिकवलंस. स्वतः बसला नायस, आणि ती बसली तर ती अपवाद.

मला राग त्याचा पण नाय. तू माझ्या घरी, माझ्या पाटावर बसून बघितलंस. पोरगी तुझ्या तोंडाकडे बघत व्हती. तू गेल्यावर मला म्हणाली, “अम्मी, मामू ‘हं’ म्हणाले म्हणजे पटलं त्यांना.” तिचे अब्बा आखातातून, दोह्याहून फोन करतात त्यांना पण तिने तेच सांगितलं. आणि तू इथून जाऊन ते लिहिलंस.

आता ती साडेचारला मागच्या दारी जात नाय. घरात बसून गृहपाठ करते. चांगली मार्कं पडतील. तुला मुबारक.

हाजरा


पेण
२० मार्च २०२४

हाजरा, अरीबा,

वाद वाढवायचा नाही. सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. तशाच चाळीस छापून सगळ्या शाळांना पोस्टाने पाठवल्या आहेत, पान एकोणीसवर चिकटवण्यासाठी:

“शुद्धिपत्र. पृष्ठ १९ वर छपाईदोषामुळे ‘काही वेळा ओलांडले’ याऐवजी ‘एकदाही ओलांडले नाही’ असे छापले गेले आहे. वाचकांनी कृपया दुरुस्त करून घ्यावे.”

आता झालं ना समाधान? रमजानच्या दुआ.

मन्सूर


रोहा, अष्टमी
२९ मार्च २०२४

मन्सूरमामू,

चिठ्ठी मिळाली. मॅडमना दिली. त्यांनी वर्गात वाचली. मला आधी बरं वाटलं.

मग मी विचार केला की ‘काही वेळा ओलांडले’ याचं छपाईत ‘एकदाही ओलांडले नाही’ कसं होईल. एखादं अक्षर चुकतं, अख्खं वाक्य कसं चुकेल?

पुस्तिकेच्या मागे छापखान्याचा नंबर आहे. मी अम्मीच्या फोनवरून शिवाकाकांना फोन केला. ते म्हणाले, “आगं पोरी, मी काय मुंग्या मोजतो व्हय? तुझ्या मामूने लिहून दिलं तसं छापलं. त्यांच्या हातचा कागद हाय माझ्याकडं. उलट मीच विचारलं, एकदाही म्हंजे एकदाही ना? तर म्हणाले, एकदाही.” मग म्हणाले, “चिठ्ठी पण मीच छापली. त्यात माझाच दोष लिहिलाय. मी म्हटलं जाऊं दे, मोठा मानूस हाय, अडचणीत आसल.”

तीन शाळांनी त्यांना फोन करून सुनावलं म्हणे. एका शाळेने गॅदरिंगच्या पत्रिकांचं काम काढून घेतलं.

आधी माझं नाव होतं. आता शिवाकाकांचं काम गेलं. तुमचं नाव कुठेच नाही.

अरीबा


पेण
८ एप्रिल २०२४

अरीबा,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली, कारण तिन्हींत मी होतो तिथून थोडा बाजूला उभा होतो.

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

११ फेब्रुवारीला तीन वाजून छत्तीस मिनिटांनी मी मुंगीला हळद ओलांडताना पाहिलं. तुझी वेळ बरोबर आहे. माझ्या घड्याळात सदतीस होतं, माझं घड्याळ एक मिनिट पुढे आहे. मला काही शंका नव्हती. हळद मी कुटलेली, कडी मी कापलेली, दार मी लावलेलं. दोष काढायला कुठे जागाच उरली नव्हती.

गाडीत बसलो. नागोठणं सुटलं तेव्हा मी मनात वाक्य जुळवत होतो, ‘रोह्याच्या अरीबाने दाखवून दिलं की’. पुढे काय लिहायचं ते ठरत होतं. गडब येईपर्यंत त्यातलं ‘दाखवून दिलं’ गेलं, ‘अरीबाला असंही दिसलं’ झालं. पेणला उतरलो तेव्हा वाक्यच नव्हतं. दुकान उघडलं. समोर ते कात्रण.

तुला सांगतो, त्या कात्रणावर मी पंधरा वर्षं जगलो. शिकलेली माणसं दुकानात येतात, पंपाची मोटार टाकतात, कात्रण वाचतात, मग मला ‘अरे’ वरून ‘अहो’ म्हणतात. त्या दोन अक्षरांसाठी केलं. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही. अपवाद वगैरे मी तुला लिहिलं ते मला लिहितानाच पटलं नव्हतं. जोह्याचं तुझी अम्मी म्हणते ते खरं आहे. पाच मिनिटं. बहुतेक सगळीकडे पाच मिनिटं. एकोणतीस वह्यांत दोन तास सलग बसल्याची नोंद मला सात वेळाच सापडली, आणि त्यातल्या दोनदा मी ‘वारा, कचरा पडला’ असं लिहून पान उलटलंय. तो कचरा काय होता ते आता कळतंय.

शिवावर ढकललं, ते पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो. दुसऱ्या वेळी मी बसून विचार करून लिहिलं.

नवी चिठ्ठी केली आहे. शिवाकडेच छापली. त्याने वाचली, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, “भाय, असंच छापू?” म्हटलं असंच. मजकूर असा:

“पृष्ठ १९ वरील मजकूर खोटा आहे. कु. अरीबाने मुंग्यांनी हळदीवर माती टाकून वर्तुळ ओलांडल्याचे अनेकदा पाहिले व नोंदवले. मी स्वतः ११ फेब्रुवारी रोजी ते पाहिले, आणि तरीही तिच्या नावावर उलट लिहिले. आधीच्या शुद्धिपत्रात छपाईचा दोष सांगितला, तोही खोटा आहे. छापखान्याची काही चूक नाही. — मन्सूर, पेण.”

या वेळी पोस्टाने पाठवल्या नाहीत. स्कूटरवरून फिरलो. अडतीस शाळांत स्वतः चिकटवून आलो. दोन बंद होत्या, उघडल्या की जाईन. पत्रिकांचं काम काढून घेतलेल्या शाळेत मुख्याध्यापकांपुढे उभं राहून वाचून दाखवली. ते ‘अहो’ म्हणाले नाहीत.

अलिबागचा मेळावा होऊन गेला. तो मी परत आणू शकत नाही. तुझ्याकडे माफी मागतो. तू द्यावीस असं काही नाही.

मन्सूर


रोहा, अष्टमी
२१ एप्रिल २०२४

मन्सूरमामू,

अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र ईदच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. चिठ्ठी चिकटवायला तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा मी वर्गात होते. खिडकीतून तुमची स्कूटर दिसली. मी खाली आले नाही.

मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग हफ्सा सोडून बाकीचे तेरा जण म्हणायला लागले, “आम्ही तर बघितलंच व्हतं.” हफ्साने विचारलं, “मग तेव्हा का नाय बोललात?” तर एक जण म्हणाला, “तेव्हा हे छापलेलं नव्हतं ना.” मॅडम खुर्चीत बसल्या.

शिवाकाकांचा फोन आला होता. त्यांना ते काम परत मिळालं नाही, पण दुसरं मिळालं.

मी परवापासून पुन्हा मागच्या दारी बसते. आता फटीपाशी दोन रंगांची माती ठेवलीय, त्या कुठली आधी उचलतात ते बघायला. नोंदी तुम्हाला पाठवणार नाही. मॅडमना दाखवते.

अम्मी म्हणते, पत्राच्या शेवटी ‘मी तुम्हाला माफ केलं’ असं लिही, मोठं माणूस आहे, ईद पण झाली. मी चार दिवस थांबून बघितलं. तसं अजून झालेलं नाही. झालं तर तारखेसकट कळवीन.

अरीबा